गणेशखिंडीतील दुसरी गाडी : '२२ जून १८९७' या चित्रपटातील राजकीय हिंसेचे मानवी चित्रण

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या परिसराला दोन किल्ल्यांचा शेजार लाभला आहे. महाड तालुक्यात रायगड आहे, आणि पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून गेले की प्रतापगड लागतो. महाराष्ट्रातील राजकीय हिंसेच्या चर्चेचा आधुनिक इतिहास लिहू पाहणाऱ्याला या दोन्ही जागांचा उल्लेख टाळता येत नाही. एप्रिल १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव साजरा झाला. पुढील वर्षी जूनमध्ये पुण्यात झालेल्या उत्सवात प्रतापगडाच्या पायथ्याच्या घटनेवर, म्हणजे अफझलखानाच्या वधावर, भाषणे झाली. महाराजांनी केलेले ते कृत्य पाप होते की नव्हते, असा प्रश्न उभा करून, निरपेक्ष बुद्धीने लोकहितार्थ केलेल्या हत्येचा दोष लागत नाही, असे गीतेच्या आधारे उत्तर दिले गेले. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त या उत्सवाचा वृत्तान्त आला. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. सरकारने या दोन गोष्टींचा संबंध जोडला, आणि सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

तेव्हापासून या हत्येविषयी मराठीत दोन भाषा रूढ झाल्या. एक सरकारी कागदपत्रांची, जिच्यात चापेकर बंधू हे माथेफिरू खुनी आहेत. दुसरी हौतात्म्याची, जिच्यात ते निष्कलंक वीर आहेत. दोन्ही भाषांमध्ये माणूस म्हणून चापेकर फारसे सापडत नाहीत. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी दिग्दर्शित केलेला '२२ जून १८९७' हा १९७९ चा मराठी चित्रपट या दोन भाषांच्या मधली वाट शोधतो. हिंसा करणाऱ्याला माणूस म्हणून दाखविणे म्हणजे त्याच्या कृत्याचे समर्थन करणे नव्हे. उलट दंतकथेने वगळलेल्या, अडचणीच्या गोष्टी पुन्हा चौकटीत आणणे, असा अर्थ या चित्रपटाच्या अभ्यासातून हाती येतो. प्रस्तुत लेखात याच अंगाने त्याचा विचार केला आहे.

प्लेगचे पुणे

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान झाले आणि वर्ष संपता संपता रोग पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. हा तोच कायदा, जो मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने लागू केला आणि ज्याचे वर्ष त्यामुळे घरोघरी माहीत झाले. फेब्रुवारी १८९७ मध्येच रँड यांची पुण्यात प्लेग समितीच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली. साताऱ्याकडील कारकिर्दीत, वाई येथील मशिदीपुढील वाद्यांच्या प्रकरणात त्यांनी घेतलेल्या कठोर भूमिकेमुळे ते आधीच अप्रिय होते. मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या पेठांमधून घरोघर फिरल्या. रोगी हुडकून इस्पितळात नेणे, संबंधितांना विलगीकरणाच्या छावणीत पाठविणे, घर धुऊन काढणे, सामान जाळणे असे कामाचे स्वरूप होते. रोगनिवारणाच्या दृष्टीने यातील काही उपाय त्या काळच्या वैद्यकाला धरून होते, हे मान्य करावे लागते. पण बूट घालून सोवळ्यात आणि देवघरात शिरणारा शिपाई, परक्या पुरुषांपुढे होणारी स्त्रियांची तपासणी आणि माजघराच्या उंबरठ्याचा भंग या गोष्टी पुणेकरांना रोगापेक्षा असह्य वाटल्या.

अत्याचारांच्या तक्रारींपैकी कोणत्या खऱ्या आणि कोणत्या ऐकीव, हा वाद त्याच वर्षी पेटला. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर अत्यंत गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा देता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीचा डाग त्यांच्या सार्वजनिक जीवनावर दीर्घकाळ राहिला. तक्रार करणारा समाज खोटे बोलत होता असा याचा अर्थ नव्हे. ज्या व्यवस्थेत साक्षीदाराला नाव सांगण्याचीच धास्ती होती, त्या व्यवस्थेत पुरावा मागणे किती सोपे आणि देणे किती कठीण, एवढे त्यावरून दिसते.

याच प्लेगची दुसरी एक कथा आहे, जी चापेकरांच्या कथेशेजारी क्वचितच ठेवली जाते. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. सैनिकांची घरझडती सुरू होण्याच्या अगदी आधीच्या दिवसांतील ही घटना. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच रोगाला दिलेले हे दोन प्रतिसाद आहेत आणि दोहोंमागील सामाजिक जगे निराळी आहेत. योगायोग असा की, ज्या गव्हर्न्मेंट हाऊसमधील समारंभाहून परतताना रँड मारले गेले, ती गणेशखिंडीतील वास्तू पुढे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे.

दामोदरचे आत्मवृत्त आणि चित्रपटाचा आधार

चापेकरांविषयी इतिहासकाराला जे साधन उपलब्ध आहे ते विलक्षण आहे. थोरल्या दामोदर हरी चापेकरने तुरुंगात असताना स्वतःचे वृत्त लिहून काढले. त्यात पश्चात्तापाचा सूर नाही, आणि विशेष म्हणजे स्वतःला सोज्ज्वळ करून दाखविण्याचा प्रयत्नही नाही. चिंचवडच्या एका कीर्तनकाराचा हा मुलगा; वडील हरी विनायक यांच्याबरोबर कीर्तनासाठी गावोगाव हिंडलेला. त्याला सैनिक व्हायचे होते, पण फौजेत प्रवेश मिळाला नाही. मग त्याने मुलांना जमवून तालमी सुरू केल्या. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासण्याचे कृत्य तो अभिमानाने सांगतो. परंतु तितक्याच अभिमानाने तो सुधारकांवर केलेले हल्लेही सांगतो. इंग्रजांइतकाच त्याचा राग स्वधर्मीय सुधारकांवर आहे; स्त्रीशिक्षण, धर्मांतर, परदेशी चालीरीती या साऱ्यांविषयी त्याच्या मनात तिटकारा आहे.

हौतात्म्याच्या आख्यानात हा भाग बहुधा गाळला जातो. कारण उघड आहे : ज्या विचारांना नंतरच्या महाराष्ट्राने प्रागतिक मानले, त्यांचा हा हुतात्मा शत्रू होता. राष्ट्रभक्ती आणि सनातनीपणा एकाच मनात नांदू शकतात ही गोष्ट वीरपूजेला गैरसोयीची असते. इतिहासाला मात्र ती नवीन नाही.

पटवर्धन दांपत्य पेशाने वास्तुशिल्पी होते. पटकथेत शंकर नाग यांचा सहभाग होता. कन्नड चित्रपटसृष्टीत नाव मिळविण्यापूर्वी त्यांचा वावर मराठी रंगभूमीवर होता. संवाद विजय तेंडुलकरांचे. ही शेवटची निवड महत्त्वाची आहे. १९७० च्या दशकात तेंडुलकरांनी नेहरू शिष्यवृत्तीच्या आधारे समाजातील वाढत्या हिंसाचाराचा प्रत्यक्ष हिंडून अभ्यास केला होता. 'घाशीराम कोतवाल' या १९७२ च्या नाटकात त्यांनी पुण्याच्याच पेशवाईकालीन समाजातील क्रौर्य आणि सत्ता यांचे नाते उलगडून दाखविले होते. हिंसा ही काही राक्षसांची मक्तेदारी नसून साध्या, घरंदाज, देवभोळ्या माणसांच्या हातूनही ती कशी घडते, हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय. चापेकरांच्या कथेत तो विषय आयताच होता.

दामोदरच्या भूमिकेत प्रभाकर पाटणकर, बाळकृष्णाच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि वासुदेवाच्या भूमिकेत उदयन दीक्षित होते. सदाशिव अमरापूरकर टिळक झाले होते. (चारच वर्षांनी 'अर्धसत्य'मधील रामा शेट्टी म्हणून याच अमरापूरकरांना देशाने ओळखले, त्याही चित्रपटाचे लेखक तेंडुलकरच होते.) तेव्हा प्रेक्षकाला परिचित असा एकही नायकाचा चेहरा या भूमिकांमध्ये नव्हता. ओळखीचा नट वीर म्हणून पडद्यावर आला की प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहूनच चित्रपट पाहू लागतो. येथे ती सोय ठेवलेली नाही. टिळकही कथेच्या मध्यभागी नाहीत. महाराष्ट्राच्या स्मृतीत एवढ्या प्रचंड असलेल्या व्यक्तीला कडेला ठेवणे, हे १९७९ मध्ये धाडसाचेच होते.

या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि कलादिग्दर्शनाचा असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. यांपैकी दुसरा पुरस्कार कथेच्या आशयाशी अधिक निगडित वाटतो. हत्येमागचे कारण घरात आहे : उंबरठा, माजघर, देव्हारा, चूल यांच्या विटंबनेत आहे. ते घर खरे वाटले नाही तर राग खरा वाटणार नाही. पेठांतील वाड्यांचे अरुंद बोळ आणि काळोख्या खोल्या येथे केवळ देखावा म्हणून येत नाहीत, तर साक्षीदार म्हणून येतात. चित्रपट आला तेव्हा आणीबाणी संपून दोनच वर्षे झाली होती. लोकांच्या आरोग्याच्या नावाने सरकार घरात आणि शरीरापर्यंत कसे पोहोचते, याचा अनुभव सक्तीच्या नसबंदीच्या मोहिमेत देशाने नुकताच घेतला होता. १९७९ च्या प्रेक्षकाला रँडच्या पुण्यात काही ओळखीचे दिसले असणे शक्य आहे.

दुसरी गाडी आणि द्रविड बंधू

मानवी चित्रणाची खरी कसोटी मात्र रागाच्या चित्रणात नाही, ती हत्येच्या रात्री आणि त्यानंतर लागते.

२२ जून १८९७ हा राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा दिवस. गणेशखिंडीतील मेजवानी आटोपून मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या परतू लागल्या. 'गोंद्या आला रे' ही ठरलेली खूण झाली. दामोदरने रँड यांच्या गाडीवर मागून चढून गोळी झाडली. मागून आणखी एक गाडी येत होती. त्या गाडीतील माणसे आपसांत कुजबुजत आहेत अशा संशयावरून बाळकृष्णाने त्यांच्यातील एकावर गोळी झाडली. तो लेफ्टनंट आयर्स्ट होता. तो जागीच मेला. त्याची पत्नी त्याच्याबरोबर होती. रँड यांचा मृत्यू ३ जुलै रोजी झाला. म्हणजे ज्याच्यासाठी हा कट रचला तो अकरा दिवस जगला आणि ज्याचे नावही कटात नव्हते तो आधी मेला.

वीरगाथेत आयर्स्ट हे 'रँड आणि आयर्स्ट' अशा जोडनावाचा उत्तरार्ध होऊन राहतात. शालेय पाठांतून दोघांचा वध असा एकत्रच उल्लेख होतो, जणू दोघेही लक्ष्य होते. अशा जोडनावाने एका चुकीच्या हत्येचा प्रश्नच नाहीसा होतो. चित्रपटाच्या शीर्षकाचे महत्त्व येथे ध्यानी येते. वीरावरील मराठी चित्रपटाला वीराचेच नाव द्यायचे, हा रिवाज होता. रायगड जिल्ह्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांच्यावर विश्राम बेडेकरांचा 'वासुदेव बळवंत' हा चित्रपट १९५३ मध्ये आला आणि गजेंद्र अहिरे यांचा त्याच क्रांतिकारकावरील चित्रपट २००७ मध्ये. दोहोंच्या शीर्षकांत फडक्यांचेच नाव आहे. पटवर्धनांनी 'चापेकर' हे नाव टाळून एक तारीख निवडली. तारीख मारणाऱ्याची जितकी, तितकीच मरणाऱ्याची असते.

हत्येनंतरची कथा अधिक अवघड आहे. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले. गणेश आणि रामचंद्र या द्रविड बंधूंकडून पोलीस अधिकारी ब्रुइन यांना माहिती मिळाली; दामोदर पकडला गेला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर गेला. निजामाच्या मुलखात भटकलेला बाळकृष्णही अखेर हाती लागला. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री धाकटा वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी, साहेबांनी बोलाविले आहे असा निरोप देऊन द्रविड बंधूंना घराबाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. मे १८९९ मध्ये ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे आणि १२ ला बाळकृष्ण असे तिघे पाच दिवसांत फासावर गेले. वासुदेव विशीचाही नव्हता. साथीदार खंडो विष्णू साठे याला कारावास झाला.

येथे हिंसेची दिशा बदलते. पहिली गोळी परक्या सत्ताधाऱ्यावर होती. शेवटची आपल्याच शहरातील, आपल्याच जातीतील, ओळखीच्या माणसांवर. अन्यायाचा प्रतिकार म्हणून सुरू झालेली गोष्ट भावाच्या सूडावर येऊन पोहोचते. 'फितूर' हा शब्द एकदा उच्चारला की द्रविडांच्या मृत्यूविषयी पुढे काही विचारायचे उरत नाही, आणि म्हणूनच राजकीय हिंसेच्या कथेत खबऱ्याचे पात्र हेच दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचे मोजमाप ठरते.

नाब्लसची तुलना

या मुद्द्यावर पॅलेस्टिनी दिग्दर्शक हनी अबू-असद यांचा 'पॅराडाइज नाऊ' हा २००५ चा चित्रपट उपयुक्त तुलना पुरवितो. १९६१ मध्ये नाझरेथ येथे जन्मलेले अबू-असद हे पटवर्धनांप्रमाणेच तांत्रिक शिक्षण घेऊन चित्रपटाकडे वळले; त्यांनी नेदरलँड्समध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. 'पॅराडाइज नाऊ'ला गोल्डन ग्लोब मिळाले आणि ऑस्करसाठी नामांकनही झाले. आत्मघातकी हल्ल्यांत मुले गमावलेल्या इस्रायली कुटुंबांनी त्या नामांकनाला विरोध केला. देशाचे नाव काय लिहायचे, यावरूनही वाद झाला.

नाब्लसमध्ये मोटारदुरुस्तीचे काम करणारे सईद आणि खालेद हे बालमित्र तेल अवीवमधील आत्मघातकी हल्ल्यासाठी निवडले जातात. निरोपाचे चित्रीकरण करताना खालेद आवेशाने भाषण करतो आणि मग कळते की कॅमेरा चाललाच नाही; पुन्हा बोलावे लागते, तोवर समोरचे सहकारी खात बसलेले असतात. पुढे बोलता बोलता तो आईसाठी पाण्याच्या गाळणीची माहिती सांगतो. हौतात्म्याचा भव्य विधी आणि घरातले पाणी एकाच वाक्यात येऊन मिळतात. सईदच्या निर्णयामागे मात्र एक खोल जखम आहे : त्याचे वडील इस्रायलचे खबरे ठरवून मारले गेले होते. म्हणजे द्रविडांच्या घरातला मुलगा या कथेचा नायक आहे. फितुराच्या मुलाने ती लाज रक्ताने धुऊन काढावी, अशी अपेक्षा त्याच्या समाजाने न सांगता त्याच्यावर लादलेली आहे, आणि त्या लाजेचा उगम पुन्हा परकीय ताब्याच्या व्यवस्थेत आहे. सुहा नावाची तरुणी, जी स्वतः एका हुतात्म्याची मुलगी आहे, या मार्गाविरुद्ध वाद घालते. शेवटी सईद सैनिकांनी भरलेल्या बसमध्ये बसलेला दिसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांपाशी जातो आणि पडदा पांढरा होतो. स्फोट दाखविलेला नाही. २०१३ च्या 'ओमर'मध्ये तर अबू-असद यांनी खबऱ्या होण्यास भाग पाडलेल्या तरुणालाच मध्यवर्ती केले.

दोन्ही कथांतील भेद दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. चापेकरांचे लक्ष्य एक विशिष्ट अधिकारी होता. आत्मघातकी हल्ल्यात समोर कोण येईल हे ठरलेले नसते, आणि बहुधा निरपराधच मरतात. पटवर्धनांच्या हाती ८२ वर्षांचे अंतर होते. सत्ता जाऊन तीन दशके लोटली होती, आयर्स्टचे कोणी आप्त पुण्याच्या चित्रपटगृहाबाहेर उभे नव्हते. अबू-असद यांना ते अंतर मिळाले नाही. नाब्लसमधील चित्रीकरणाच्या काळात त्यांच्या चमूतील एकाचे अपहरण झाले आणि काम नाझरेथला हलवावे लागले. अंतर असले म्हणजे समतोल सोपा होतो, हे मान्य करूनही पटवर्धनांचे श्रेय कमी होत नाही. कारण अंतर जसे समतोलाला, तसेच मूर्तिपूजेलाही पोषक असते, आणि बहुतेकांनी त्याचा उपयोग दुसऱ्या कामासाठीच केला आहे.

तरीही एका बाबतीत 'पॅराडाइज नाऊ' पुढे जातो. सुहाचे पात्र कल्पित असल्यामुळे दिग्दर्शक तिच्या तोंडी नायकाविरुद्धचा युक्तिवाद घालू शकला. पटवर्धनांना दस्तऐवजाची मर्यादा होती. आणि दस्तऐवज, मग तो दामोदरचे आत्मवृत्त असो की खटल्याचे कागद, पुरुषांचाच होता. एका घरातील तीन मुलगे तेरा महिन्यांच्या आत फासावर गेले, त्या घरातील स्त्रियांचे म्हणणे कोणीही लिहून घेतले नाही. आयर्स्टच्या पत्नीचेही साक्षीपलीकडचे म्हणणे इतिहासात नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सर्व संघर्ष ज्यांच्या अब्रूच्या नावाने झाला, त्या स्त्रिया या कथेच्या दोन्ही गाड्यांत आणि दोन्ही पक्षांत मुक्याच आहेत.

चापेकरांची कथा त्यानंतरही पडद्यावर आली. २०१९ मध्ये आलेल्या मराठी वेब-मालिकेचे नाव होते 'गोंद्या आला रे'. म्हणजे चाळीस वर्षांत शीर्षक तारखेकडून संकेतशब्दाकडे आले. हा संकेत त्या रात्री रस्त्याकडेच्या अंधारात दबा धरून बसलेल्यांना कळत होता. मागच्या गाडीत बसलेल्या जोडप्याला तो शब्द ऐकू आला असला, तरी त्याचा अर्थ कळला नसणार.